परबमावशींचं पित्त

परबमावशींना हळू बोलता येत नसे. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. उभं आयुष्य त्यांनी परळकडच्या एका गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात काढलं होतं, आणि तिथल्या खडखडाटात शेजारणीकडे चिमूटभर तंबाखू मागायची तरी सभेत भाषण करतात तसा गळा लागे. शेवटची काही वर्षं त्या खात्याच्या नायकीण होत्या. म्हणजे बायकांना कामाला लावायचं, त्यांची भांडणं मिटवायची आणि वेळ पडली तर साहेबाशी स्वतः भांडायचं. निवृत्त होऊन त्या मुलाकडे, बोरिवलीला आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या तेव्हा यंत्रं मागे राहिली, आवाज सोबत आला. तिसऱ्या मजल्यावरून त्या मुलाला "वसंता, आंघोळ झाली काय रे?" असं विचारत, आणि तळमजल्यावरचे जोशी, त्यांचंही नाव वसंतच, "झाली, झाली," म्हणून सांगत.

मी तेव्हा स्टेशनजवळच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. लोकांचं रक्त काढायचं, काचेवर पसरून रंगवायचं आणि मायक्रोस्कोपखाली पेशी मोजत बसायचं, हे माझं काम. बिल्डिंगमध्ये मला 'रक्तवाली' म्हणत. आजारपण नसताना माझ्याशी फारसं कोणी बोलत नसे, आणि आजारपण असलं की जिन्यातच बाही वर करून उभे राहत.

परबमावशी पहिल्यांदा लॅबमध्ये आल्या त्या दिवशी त्यांचा चेहरा, मान आणि दोन्ही हात गेरूने माखलेले होते. बाकावर बसलेली एक बाई त्यांना बघून लेकराला पोटाशी धरून उठली आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली.

"अंगार पित्त उठतां," मावशींनी सगळ्या लॅबला सांगितलं. "गेरू लावून झालो, आमसुलाचा पाणी लावून झाला, घोंगडी घासून झाली. शेवटी लाड डॉक्टर म्हणालो, रक्त तपासा. काढ गो चेडवा, पण बेताचा काढ. सगळा नको."

डॉ. लाड म्हणजे आमच्या रस्त्यावरचे फॅमिली डॉक्टर. शांत, बारीक आवाजाचे गृहस्थ. मावशी दवाखान्यात शिरल्या की ते स्टेथोस्कोप कानातून काढून ठेवत.

रक्त काढलं, काच रंगवली, बघते तर इओसिनोफिल वाढलेले. या रक्तातल्या पांढऱ्या पेशींतल्याच एका प्रकारच्या पेशी. एरवी रक्तात तुरळक असतात. अंगाला काही सोसेनासं झालं, ॲलर्जी झाली, पोटात जंत झाले, की त्यांची संख्या वाढते. त्या काळात मुंबईत हा शब्द घरोघरी पोचला होता. प्रत्येक घरात कोणाला तरी 'इस्नोफिलिया' असेच आणि तो असलेला माणूस जरा भाव खाऊन असे.

मावशी रिपोर्ट घ्यायला आल्या तेव्हा मी त्यांना हे समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "इतकी भरती केल्यान कोणी?"

"कोणी केली नाही मावशी, शरीर आपोआप करतं."

"आपोआप कायेक होणा नाय. खात्यात बायका वाढल्या की आधी इचारायचा, वशिलो कोणाचो? माका बघूचे आसत ते."

पेशंटला मायक्रोस्कोप दाखवायची पद्धत नव्हती. पण मावशी स्टुलावर बसूनच गेल्या होत्या. मी काच लावून दिली. त्यांनी एक डोळा हाताने मिटला, दुसरा लावला. इओसिनोफिलच्या पोटात दाणे असतात, ते रंगवल्यावर केशरी गुलाबी दिसतात.

"आबोली माळून बसली हत सगळी," त्या म्हणाल्या. "आणि काम काय करतत?"

"शत्रू आला की लढतात."

"मग शत्रू दाखव."

तो मात्र माझ्या काचेवर नव्हता.

तेव्हापासून परबमावशींनी शत्रूचा शोध सुरू केला. डॉ. लाडनी आधी जंतांचं औषध दिलं. 'जंत' हा शब्द मावशींना झोंबला. एकट्याने घेतलं तर बिल्डिंगभर बोभाटा होईल, म्हणून त्यांनी वसंता, सून सुनंदा आणि नात मंजू या सगळ्यांना ओळीने उभं करून एकेक चमचा पाजला. वसंता बँकेत ऑफिसर होता, हाताखाली माणसं होती, पण त्यानेही आ वासला. पित्त उठायचं थांबलं नाही.

मग घरातल्या वस्तूंवर संशय गेला. धुण्याची नवी पावडर बंद झाली. मोरीतलं फिनेल बंद झालं. सुनंदाची पावडर, मंजूचं नेलपॉलिश, वसंताचं दाढीनंतरचं लोशन, सगळं एका पिशवीत भरून माळ्यावर गेलं, आणि परबांचं घर आठवडाभर अगदी उघड्या चेहऱ्याने वावरलं. त्यानंतर मावशींची नजर टीव्हीवर स्थिरावली. तो त्याच वर्षी घेतलेला, रंगीत. बिल्डिंगमधला पहिला. रविवारी सकाळी निम्मी बिल्डिंग परबांच्या हॉलमध्ये येऊन बसे.

"काळोपांढरो होतो तेवा माका कधी खाजला नाय," मावशी म्हणाल्या. "रंगाचे किरण येतत. सरळ अंगार येतत."

"आई, रंगाने खाज येत नाही," वसंता म्हणाला.

"तू डॉक्टर की मी?"

दोघांपैकी कोणीच डॉक्टर नसल्यामुळे चर्चा तिथेच संपली. रंगाचं बटण पूर्ण उलटं फिरवण्यात आलं. पुढच्या रविवारी आलेली मंडळी रंगीत टीव्हीवर काळंपांढरं चित्र बघत मुकाट बसली. कोणी कुरकुर केली नाही, कारण मावशी टीव्हीकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि पाठीवर घोंगडी होती.

डॉ. लाडनी मासे बंद केले तेव्हा मात्र दवाखान्यात वाटाघाटी झाल्या. मी सुई-सिरिंजचं काही काम घेऊन तिथे गेले होते, म्हणून हे माझ्यासमोरच झालं.

"मासे महिनाभर बंद," डॉक्टर म्हणाले.

"बरा. आणि सुको बांगडो?"

"तो मासाच ना मावशी."

"तो खंय मासो? मासो पाण्यात असतां. सुको बांगडो म्हणजे मासळीचो पेन्शनर. त्याचो कोणाक काय त्रास?"

डॉक्टरांनी हसू दाबलं आणि पेन्शनरलाही मनाई केली. मग त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "दुसरं कुठलं औषध घेता का?"

"मी औषध घेणा नाय," मावशी ताठ मानेने म्हणाल्या. "गिरणीत होतंय तेवापासून नाय." डॉक्टरांनी तसं केसपेपरवर लिहून घेतलं. मावशी खोटं बोलत नसत, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस मंजूला बघायला पाहुणे आले. स्थळ चांगलं होतं. मुलगा मुलुंडचा, नोकरीला लागलेला, मंजूलाही पसंत. अडचण मुलाच्या मामाची होती. तो बोलणी करण्यात पटाईत म्हणून त्याला मुद्दाम आणलं होतं. मंजू माझी मैत्रीण, त्यामुळे पोह्यांच्या बशा फिरवायला मी होते.

पाहुणे यायच्या अर्धा तास आधी मावशींचा खालचा ओठ सुजायला लागला. बघता बघता तो वेलची केळ्याएवढा झाला, मागोमाग वरचा. श्वासाला त्रास नव्हता, पण बोलता येईना. सुनंदा रडकुंडीला आली. वसंता डॉ. लाडना आणायला धावला, तोवर पाहुणे दारात. मावशींनी पदर सावरला आणि पाहुण्यांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. आत जाऊन लपणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पोहे झाले. मामाने घसा साफ केला. "तसं आमचं काही मागणं नाही. मुलाला ऑफिसला जायला स्कूटर असली म्हणजे बरं, एवढंच."

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना 'चहा घ्या' असं म्हणायचं होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. बाहेर पडलं ते फक्त, "हूं."

तसा 'हूं' मी जन्मात ऐकला नव्हता. मामाने बशी खाली ठेवली.

"म्हणजे, स्कूटरच पाहिजे असं नाही," तो म्हणाला. "तशी बसची सोय आहे. दारातून बस आहे. राहता राहिला मानपान..."

"हूं."

"तो आपला हौसेचा भाग. झाला झाला, नाही झाला तर नाही."

मावशींचे डोळेही आता सुजून बारीक झाले होते. त्या बारीक फटीतून त्या मामाकडे बघत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना तो धड दिसतही नव्हता. मामाने आपल्या बहिणीकडे बघितलं, मग छताकडे. "आणि लग्नाचा खर्च निम्मानिम्मा केला तरी आमची हरकत नाही," तो म्हणाला. "आजकाल तसंच करतात सुधारलेले लोक."

"हूं," मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, कारण पापण्यांना खाज सुटली होती. ते बघून मुलाची आई उठली आणि त्यांच्या पाया पडली. "आजी, तुमचं काळीज तुटतंय, कळतंय मला. मंजू आमच्याकडे लेकीसारखी राहील."

पाहुणे जिना उतरत असताना डॉ. लाड चढत होते. त्यांनी इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत ओठ जागेवर आले, आणि मावशींचं पहिलं वाक्य सगळ्या बिल्डिंगने ऐकलं, "मामा बरो माणूस आसा हां. लोक उगाच नावा ठेवतत."

लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं ठरलं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. दसऱ्याच्या सुमाराला चित्र बदललं. मावशींना ताप यायला लागला. पित्ताच्या गांधी उठायच्या आणि जायच्या, तसं आता राहिलं नाही. सगळं अंग लाल झालं, कातडी खरखरीत होऊन सुटायला लागली, आणि मानेत, काखेत गाठी लागल्या. मी रक्त घ्यायला घरी गेले. ते काचेवर बघितलं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून केली. आबोलीवाल्या पेशी इतक्या, की बाकीच्यांना बसायला जागा नव्हती. शिवाय मधूनमधून काही मोठ्या, वेड्यावाकड्या पेशी होत्या, ज्या मला आवडल्या नाहीत.

डॉ. लाडनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग वसंताला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की या वयात, असा ताप, अशा गाठी, असं रक्त, म्हणजे रक्ताचाच मोठा आजार असू शकतो. मोठ्या हॉस्पिटलात नेऊन कमरेच्या हाडातला मगज तपासायला हवा.

आईला काही सांगायचं नाही, असं घरात ठरलं. त्याप्रमाणे सगळे इतके गोड वागायला लागले की मावशींना पहिल्याच दिवशी कळलं. वसंताने टीव्हीचा विषय काढला, "आई, विकून टाकू या का?" आणि सुनंदाने आपणहून सुक्या बांगड्याची चटणी केली.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा मावशींनी मला पलंगाजवळ बोलावलं. दार लावायला सांगितलं. आणि त्या हळू बोलल्या. मला पुढे वाकून कान द्यावा लागला.

"कॅन्सर म्हणतत मा?"

"अजून काही ठरलेलं नाही मावशी. तपासणी व्हायची आहे."

"तुज्या तोंडार सगळा लिवलेला आसा." त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. सालं निघालेले, लालभडक हात. "मराक मी भियणा नाय. पण मंजूचा लगीन आसा. आता मी गेलंय तर वर्षभर थांबवतील ते. तो मामा परत स्कूटर मागात." मग माझं मनगट धरून म्हणाल्या, "लगीन होयसर माका उभी ठेव म्हणून सांग तुझ्या डॉक्टरांक. मगे काय ता होवंदे."

मी हो म्हटलं. 

हॉस्पिटलात त्यांना खिडकीजवळची खाट मिळाली. त्या अंगात ताप घेऊन आल्या होत्या, तरी दुसऱ्या दिवसापर्यंत वॉर्डातल्या बायकांची आंघोळीची पाळी त्यांनी लावून दिली, आणि आयाबाई सिस्टरच्या आधी त्यांना विचारायला लागली. मगज काढायचं ज्या दिवशी ठरलं, त्या दुपारी मी जुन्या काचा घेऊन तिकडे गेले, कारण तिथल्या डॉक्टरांनी त्या बघायला मागितल्या होत्या. तरुण डॉक्टर होते, डोळे झोपेने तांबारलेले. वसंता कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा होता. सुनंदा त्याच्या शर्टाची कॉलर उगीच नीट करत होती.

तेवढ्यात देसाईकाकू आल्या.

देसाईकाकू आमच्याच बिल्डिंगमधल्या, मावशींच्या भजनी मंडळातल्या. बारीक, घाबरट बाई. गालातल्या शिरेच्या दुखण्याने बिचाऱ्या बेजार असत. त्या डॉक्टरांच्या पाठीमागून खाटेशी आल्या, मावशींची अवस्था बघून त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि मग त्याच पदराची गाठ सोडत म्हणाल्या, "परबबाई, तुमच्या संपल्या असतील म्हणून आणल्यात हो. पंधरवड्याच्या आहेत."

पदराच्या गाठीतून पांढऱ्या गोळ्या निघाल्या.

डॉक्टर पुढे झाले. "काय आहे हे?"

"काही नाही, शिरेची गोळी आहे," देसाईकाकू मागे सरकत म्हणाल्या. "माझ्या गालाला लागते. परबबाईंच्या मांडीत शीर आखडायची, म्हणून नवरात्राच्या आधीपासून मी आपली माझ्यातली देते."

"आजी, तुम्ही या घेत होतात?"

"घेतंय तर," मावशी म्हणाल्या. "शीर ती शीर. गालातली काय नि मांडीतली काय."

"मग इथे दाखल होताना मी विचारलं तेव्हा औषध घेत नाही म्हणून का सांगितलंत?"

मावशींना तो प्रश्नच समजला नाही. "औषध खंय ह्या? औषध डॉक्टर देता. बाटलीत असतां. ही गोळी. ही बाईन मायेन दिल्यान."

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले. त्यांनी एक गोळी उचलून निरखली, देसाईकाकूंना तिचं नाव विचारलं. काकूंना ते येत नव्हतं, पण चिठ्ठी पर्समध्ये होती. ती फिटसाठीची गोळी होती, शिरेच्या दुखण्यावरही देतात. डॉक्टरांनी ती वाचली, मावशींच्या मानेतल्या गाठी पुन्हा चाचपल्या, आणि अगदी हळू, जणू एखादा पक्षी उडून जाईल अशा बेताने विचारलं, "अशा मायेच्या गोळ्या आणखी कोण कोण देतं तुम्हाला?"

तेव्हा ते बाहेर आलं. मावशींना सगळं भजनी मंडळ गोळ्या देत असे. गुडघ्याला सावंतबाईंची गुलाबी. डोकं जड झालं की शेणॉयबाईंची. झोप येत नसली तर आणखी कोणाची अर्धी. कोणी प्रेमाने हातावर काही ठेवलं तर नाही म्हणू नये, हा मावशींचा गिरणीतला शिरस्ता. तिथे सुपारी होती, इथे गोळ्या आल्या. मंजूला बघायला पाहुणे आले त्या सकाळीही जिने चढून गुडघे दुखले म्हणून त्यांनी गुलाबी घेतली होती, आणि पाहुण्यांसमोर बरं वाटावं म्हणून आणखी एक.

डॉक्टर आपल्या मोठ्या डॉक्टरांना बोलवून घेऊन आले. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि सांगितलं की ही गोळी काही माणसांना सोसत नाही. मग ताप, लाल अंग, गाठी, रक्तात या पेशींचा सुळसुळाट, सगळं अगदी मोठ्या आजारासारखं दिसतं. आधीचं पित्त आणि सुजलेला ओठ बहुधा त्या गुलाबी गोळीमुळे. मगज तूर्त राहू दे. गोळ्या सगळ्या बंद, सूज उतरायचं औषध सुरू, आणि काय होतं ते बघू.

"बाटलीतला?" मावशींनी विचारलं.

"बाटलीतलं," मोठे डॉक्टर न हसता म्हणाले.

देसाईकाकू कॉरिडॉरमध्ये जाऊन रडत बसल्या, की माझ्यामुळे त्यांचा जीव जात होता. वसंता त्यांच्याजवळ गेला, आणि तो सरळमार्गी बँक ऑफिसर चक्क त्यांच्या पाया पडला. काकू आणखीच रडायला लागल्या. आतून मावशींचा आवाज आला, "वसंता, बाईक चाय पाज रे." कॉरिडॉरच्या पार टोकाला बसलेल्या वॉचमनने मान वर करून बघितलं. सुनंदा म्हणाली, "आईंचा आवाज परत आला," आणि चहा आणायला निघाली.

ताप उतरायला वेळ लागला, पण उतरला. गाठी विरघळल्या. मावशींची कातडी मात्र सगळी निघाली, हातांची तर मोजा काढावा तशी, आणि खालून नवी कोवळी आली. मी शेवटची काच तपासली तेव्हा आबोलीवाल्या शोधाव्या लागत होत्या. रिपोर्ट सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "गेली बिचारी. लढाई चुकीची होती, पण बायका कामाच्या होत्या."

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते भजनी मंडळाची सभा बोलावण्याचं. सगळ्यांनी आपापल्या घरातल्या एकूण एक गोळ्या आणायच्या, असा हुकूम. डॉ. लाडना मधोमध बसवलं. समोर सूप. बायका एकेक करून आल्या आणि डबे, पुरचुंड्या, कागदाचे चुरगळे त्या सुपात रिकामे करून गेल्या. मावशी उभ्या राहून लक्ष ठेवत होत्या. "सावंतबाई, दुसरी मूठ उघडा."

डॉक्टर चष्मा लावून निवडत बसले, तांदूळ निवडावे तसे. गोळ्यांत गोळ्या तर होत्याच. एक डांबराची गोळी निघाली. दोन कुत्र्याच्या होत्या, आणि बिल्डिंगमध्ये कुत्रा कोणाकडेच नव्हता. एक उचलून डॉक्टरांनी उजेडात धरली आणि तिच्यातून पलीकडचं दिसायला लागलं, कारण ते शर्टाचं बटण होतं. शेणॉयबाईंनी शपथेवर सांगितलं की याच्याच जोडीच्या गोळीने त्यांची कंबरदुखी थांबली होती.

"मग तुम्हाला चालू ठेवायला हरकत नाही," डॉ. लाड म्हणाले. त्यांच्या आयुष्यातला हा एवढाच विनोद मी ऐकला.

सूप भरून निघालेला तो ऐवज डॉक्टर पिशवीत घालून घेऊन गेले. त्यानंतर भजनी मंडळात खडीसाखर वाटली जायला लागली. रंगाचं बटणही सुलटं फिरलं. पहिल्या रविवारी सगळे नुसते रंगाकडे बघत होते, मालिकेच्या कथेकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मंजूचं लग्न ठरल्या मुहूर्ताला मुलुंडला झालं. नव्या कातडीच्या, तुकतुकीत परबमावशी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मामा लगबगीने येऊन नमस्कार करून गेला. त्याच्या लेखी त्या अजून अबोल आणि भयंकर होत्या. अंतरपाट धरला. भटजींचा माइक बिघडला आणि मागच्यांना काही ऐकू येईना. तेव्हा मावशींनी बसल्या जागेवरून "सावधान" म्हटलं. मामाच्या हातातल्या अक्षता तिथेच सांडल्या. निम्म्या हॉलने त्या एका शब्दावर आपल्या टाकून दिल्या, त्यामुळे मंजूचं लग्न दोनदा लागलं असं अजून म्हणतात.

पुढे माझंही लग्न झालं, मी बोरिवली सोडून घाटकोपरला आले, लॅब बदलली. परबमावशींची खबर मंजूकडून कळायची. अंगावर गांधी पुन्हा उठल्या नाहीत. गुडघे दुखत, त्यावर त्या तेल लावत आणि गुडघ्यांना शिव्या देत.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मार्वेच्या धक्क्यावर. आम्ही लॅबमधली मंडळी मनोरीहून सहल करून परतत होतो. ऊन कलतं होतं. आमची होडी धक्क्याला लागत असताना शेजारची होडी पलीकडे निघायच्या बेतात होती आणि तिच्यात सगळ्या नऊवारी आणि पाचवारी म्हाताऱ्या भरल्या होत्या. मधोमध परबमावशी उभ्या. साडीचा ओचा वर खोचलेला. होडी एका अंगाला कलत होती आणि त्या भार लावत होत्या.

"शेणॉयबाई, तुम्ही हयसर. सावंतबाई, तुम्ही थय. देसाईबाई, तुमका वजनच नाय, तुम्ही खंयय बसा."

बायका निमूट उठून सांगितल्या जागी बसत होत्या. होडी हळूहळू सरळ झाली. नावाडी, एक काळाभोर दणकट कोळी, वल्हं हातात धरून थांबला होता.

"आजे, आता तू पन बस," तो म्हणाला. "उभ्यान जाऊ नको."

मी हात वर केला, हाकही मारणार होते. पण त्यांची माझ्याकडे पाठ होती, आणि त्यांच्या आवाजापुढे माझा आवाज कुठला पोचायला.

"मी बसलंय तर बघात कोण?" परबमावशी म्हणाल्या.

नावाड्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा समुद्राकडे, आणि वल्हं मारलं. होडी तशीच निघाली, कुठल्याच बाजूला न कलता, आणि त्या तिच्यात मधोमध उभ्याच होत्या.